धुतलेला पाय

"मामी, हे काय चाललंय?"

"पाय धुतीया, बाई."

बुधवार होता. सकाळचे नऊ वाजले होते. बेंबळीच्या पुढं घोड्यांचा एक फार्म आहे, तिथं मी दर बुधवारी तपासणीला जाते. कमळामामी हौदाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या, हातात पाइप होता आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या घोडीच्या पुढच्या पायावर थंडगार पाण्याची धार सोडली होती. जानेवारी संपत आलेला. रात्रभर हौदात राहिलेलं पाणी बोटाला झोंबत होतं.

"पण आत्ता कशाला धुताय? मी तपासणार आहे ना तिला?"

"म्हून तर धुतीया. ह्यांनी जाताना बजावलंय. बाई यायच्या आधी अर्धा तास पाय पान्याखाली धरायचा, मग टावेलानं कोरडा करायचा. न्हाय तर बाई लई खवळत्यात म्हनले."

'हे' म्हणजे गोविंदमामा, मामींचे यजमान. फार्मवरचे सईस, म्हणजे घोड्याचं खाणंपिणं, मालिश, फिरवणं सगळं बघणारा माणूस. मामा त्या आठवड्यात फार्मवर नव्हते. चारशे किलोमीटर लांब, रेसकोर्सवर होते. त्यांच्या ताब्यातला घोडा राघू येत्या रविवारी डर्बी पळणार होता.

"राघूचा पायसुद्धा असाच धुवायचे मामा?"

"दर बुधवारी. तेचा तर आधी धुयाचे. एक बुधवार चुकला न्हाय."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हौदाच्या कठड्यावर बसले.  मामी पाइप तसाच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

मी जनावरांची डॉक्टर. कॉलेज सुटल्यावर पाच वर्षं एका मोठ्या रेसकोर्सच्या घोड्यांच्या हॉस्पिटलात असिस्टंट होते. मग लग्न झालं आणि धाराशिवला आले. इथं म्हशी, गायी, शेळ्या. घोडा म्हणजे लग्नाच्या वरातीतला, तोही वर्षातून चारदोन वेळा. बाईमाणूस घोड्याला हात लावते याचंच लोकांना पहिली काही वर्षं कौतुक आणि संशय. त्यामुळं पुण्याच्या सरदेसाई साहेबांनी बेंबळीजवळ फार्म काढला आणि रेसचे थकले-दुखावलेले घोडे विश्रांतीला इथं यायला लागले, तेव्हा मला कोण आनंद झाला. जिल्ह्यात हे काम येणारी मी एकटी. हे मी लोकांना सांगायचेही. विचारलं नाही तरी सांगायचे.

डर्बी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही सपाट ट्रॅकवरची शर्यत. मध्ये उड्या मारायचे अडथळे नसतात, नुसतं पळणं, दोन हजार चारशे मीटर. आपल्याकडं ती फक्त चार वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांसाठी असते. थरोब्रेड म्हणजे पळण्यासाठीच पिढ्यान्पिढ्या जोपासलेली जात. ह्या घोड्यांचं वय कागदावर सगळ्यांचं एकदमच वाढतं, एक जानेवारीला. म्हणजे घोडा चार वर्षांचा एकदाच असतो आणि डर्बी त्याच्या नशिबी एकदाच असते. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नाही. घोड्यांच्या मालकांची अर्धी अक्कल ह्या एका गोष्टीनं जाते. उरलेली ट्रेनरची जाते.

सरदेसाई साहेबांच्या घोड्याचं कागदावरचं नाव तेरणा प्राइड. साहेबांचं आजोळ तेरणाकाठच्या तेरचं, म्हणून नदीचं नाव. गोविंदमामा त्याला राघू म्हणायचे. गर्द तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि खोडकर इतका की मामांच्या डोक्यावरची टोपी दातात धरून पळायचा. मामा मूळचे येरमाळ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. घोड्यातलं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जनावराच्या अंगावर हात ठेवायची सवय मात्र लहानपणापासूनची.

राघू आदल्या ऑगस्टमध्ये फार्मवर आला. दोन शर्यती जिंकला होता. तिसरीनंतर पुढच्या डाव्या पायात दुखलं. रेसकोर्सवरच्या एक्स-रेत घोट्याच्या जरा वर, नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, केसासारखी बारीक रेघ दिसल्याचा संशय होता. चीर आहे की सावली, नक्की कुणी सांगेना. तीन महिने विश्रांती द्या, मग हळूहळू पळवा आणि दर आठवड्याला पाय तपासा, असा सल्ला मिळाला. दर आठवड्याला तपासणारी म्हणजे मी.

ह्या तपासणीत मशीन नसतं. आपला हात असतो. दोन्ही पायांवर एकाच वेळी दोन तळहात ठेवायचे आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का बघायचं. आत हाड दुखावलेलं असेल तर बाहेर ऊब येते. रेसच्या धंद्यात ह्याला 'हीट' म्हणतात. एक्स-रेत चीर दिसायला फोटोचा कोन बरोबर लागतो, नाही तर हाड स्वच्छ दिसतं. घोडा लंगडेलच असंही नाही, शर्यतीच्या नादात हे जनावर दुखणं गिळतं. हीट मात्र लपत नाही. आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, पाय बघायचा तो पहाटे, तबेल्यातून काढायच्या आधी, कोरडा. धुतल्यावर नाही, कारण थंड पाण्यानं अर्धा-पाऊण तास ऊब निघून जाते.

हे मला पाठ होतं. तरीही काय झालं ते सांगते.

मी पहिल्यांदा राघूला बघायला गेले तेव्हा पावसाची झड लागली होती. आपली काळी माती. मामांनी घोडा कुंपणातल्या मोकळ्या पॅडॉकमधून तसाच आणला, गुडघ्यापर्यंत चिखलाचे थर. शेजारी मॅनेजर जगताप उभे होते, साहेब व्हिडिओ कॉलवर होते. म्हणजे मला मी कोण आहे ते दाखवायचं होतं.

"मामा, हा पाय तपासू का चिखल तपासू?" मी म्हणाले. "लाख मोलाचं जनावर आणि म्हशीसारखं आणून उभं केलंय. पुढच्या वेळी धुऊन, पुसून ठेवायचं. समजलं का?"

"समजलं, बाई," मामा म्हणाले. मान खाली.

मी एवढं बोलले. कधी धुवायचं, किती वेळ धुवायचं, काही सांगितलं नाही. आणि मग विसरून गेले.

मामा विसरले नाहीत. आपल्याकडं डॉक्टरकडं जायचं तर माणूस हातपाय धुतं, बरे कपडे घालतं. गाय तपासायला बोलावलं तर घरची बाई आधी कास धुऊन ठेवते. डॉक्टरचा मान असतो तो. त्यात चारचौघांत बोलणी खाल्लेली. पुढच्या बुधवारी गेले तर राघूचे चारी पाय लख्ख. मी खूश झाले.

"जनावर कसं ठेवावं ते मामांकडून शिका," असं मी जगतापांना म्हणाले, मामांच्या देखत. मामा लाजले. त्या दिवसापासून धुणं आणखी वाढलं असणार.

नोव्हेंबरात राघूला मुरमाच्या ट्रॅकवर पळवायला सुरुवात झाली. आधी चाल, मग दुडकी, मग कँटर म्हणजे मध्यम दौड. सकाळी सहाला पळायचा, मी नऊला पोचायचे. केस किंचित ओलसर लागायचे. गवतावरचं दव असेल, असं मी धरून चालले. नऊ वाजता दव कसलं, हे कुणी शाळेतल्या पोरानंही विचारलं असतं. मी नाही विचारलं. मला कळंब रोडला दोन म्हशींची गर्भतपासणी असायची, तिकडं जायची घाई.

पळायला लागल्यापासून असे दहा बुधवार. दहा वेळा मी कार्डावर लिहिलं: हीट निल, स्वेलिंग निल, पेन निल. खाली सही. ते कार्ड बघून रेसकोर्सवरचा ट्रेनर दर आठवड्याला पळण्याचा वेग वाढवत गेला. आणि जानेवारीच्या मध्यावर राघू मामांसकट ट्रकमधून रेसकोर्सवर गेला.

आता परत त्या बुधवारी येते.

मी तिथूनच, हौदाच्या कठड्यावरून, मामांना फोन लावला.

"मामा, खरं सांगा. राघूचा डावा पाय कधी गरम लागलाय का?"

"लागतो की."

"कधी?"

"रोजच. पळून आला की लागतो. सकाळी उठल्या उठल्या हात लावला तर कोमट आसतो. उजवा गार, डावा कोमट. मंग पानी मारलं की बरा हुतो."

"कधीपासून?"

"पळाया लागला तवापासनं. दिवाळीपासनं म्हना." मामा थांबले. "का वो, बाई?"

"मला का नाही सांगितलंत?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "तुमी सोता हात लावून बघत हुताव की. तुमी डॉक्टर. म्या काय सांगनार?"

 दहा बुधवार तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर, लगाम धरून उभा होता. मला जे शोधायचं होतं ते त्याच्या तळहाताला रोज कळत होतं.

"आज तिथं जे डॉक्टर आहेत त्यांना हे जसंच्या तसं सांगा. आणि उद्यापासून पाय धुऊ नका."

"हितं तर ट्रेनर रोज नळीखालीच हुबा करतो, बाई. समद्याच घोड्यास्नी. आन् मला कोन इचारतंय हितं?"

मी जगतापांच्या ऑफिसात गेले. त्यांना सगळं सांगितलं. जगताप भला माणूस, पण साहेबांचं नाव निघालं की खुर्चीत सावरून बसणारा.

"मॅडम, चार दिवसांवर आलीय डर्बी," ते म्हणाले. "साहेबांनी पन्नास पाहुणे बोलावलेत. तुम्हीच बोला, मी नाही बोलणार."

मी साहेबांना फोन लावला.

"डॉक्टर, बोला! रविवारी येताय ना?"

"सर, राघूला पळवू नका."

 साहेबांचा आवाज बदलला.

"काय झालं?"

"पायाचं हाड पूर्ण भरून आलेलं नसावं. हीट आहे. सईस सांगतोय."

"सईस सांगतोय? डॉक्टर, तुमचं कार्ड माझ्यासमोर आहे. दहा आठवडे निल. सही तुमची आहे."

"मी तपासायच्या आधी पाय गार पाण्यानं धुतलेला असायचा. मला माहीत नव्हतं."

"म्हणजे तुमचं कार्ड खोटं आहे?"

ह्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते एका शब्दाचं होतं. मी म्हणाले, "खोटं असं नाही, सर. पण पुन्हा खात्री करून घेतलेली बरी."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते, हे कबूल केलं पाहिजे. "जे काही म्हणायचंय ते लेखी पाठवा. मी तिथल्या व्हेटना दाखवतो. ते म्हणाले नको, तर नाही पळवणार. माझंच जनावर आहे ते."

म्हणजे सगळं माझ्या लेखी शब्दांवर आलं.

दुपारी दवाखान्यात बसून मी मेल लिहिला. पहिला मजकूर असा होता: माझ्या दहाही नोंदी रद्द समजाव्यात. तपासणीआधी पाय थंड पाण्याखाली धरलेला होता, तसं करायला नकळत मीच सांगितलं होतं, त्यामुळं हीट नसल्याची माझी नोंद निरर्थक आहे. सईसाच्या म्हणण्यानुसार तीन महिने डावा पाय गरम आहे. ह्या घोड्याला पळवू नये.

चार-पाच वाक्यं. सगळी खरी. मी ती तीनदा वाचली. हा मेल रेसकोर्सच्या हॉस्पिटलात जाणार. तिथं माझ्या बरोबरीचे लोक आता मोठ्या खुर्च्यांवर आहेत. ते हसणार. पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट, धाराशिवला जाऊन विसरली म्हणणार. म्हशींची डॉक्टर शेवटी. पंचवीस वर्षं जे नाव जमवलं ते एका दुपारी जाणार.

मी मजकूर पुसला. दुसरा लिहिला: 'शर्यतीपूर्वी खबरदारी म्हणून डाव्या पुढच्या पायाचा एक्स-रे पुन्हा काढून घ्यावा, असे सुचवते.'

तो पाठवला.

ह्या एका वाक्यात खोटं काहीच नाही. मी ते नंतर कितीतरी वेळा तपासलं आहे. कुठल्याही चौकशीत ते माझ्या बाजूनं उभं राहील. फक्त जे सांगायचं होतं ते त्यात नाही.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "ऑल क्लिअर, डॉक्टर! एक्स-रे स्वच्छ. व्हेटनी हात लावूनही बघितलं, हीट नाही. दुडकीवर पळवून बघितला, एक पाऊल चुकलं नाही."

"सर, हात किती वाजता लावला?"

"अकराच्या सुमारास असेल. का?"

अकरा. म्हणजे सकाळचं पळणं, नळीखालचं पाणी, सगळं झाल्यावर. मला ओरडून सांगता आलं असतं. कोन चुकला तर एक्स-रेत चीर दिसत नाही, पहाटे बघा, कोरडा पाय बघा, माझं कार्ड फाडून टाका. फोन माझ्या हातात होता आणि साहेब ऐकत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "बेस्ट लक, सर."

शनिवारी मी मामांना फोन केला. त्यांनी माझं ऐकून ट्रेनरला सांगून बघितलं होतं. ट्रेनर म्हणाला, डॉक्टर तू की इथला व्हेट? आणि सगळे हसले. मामाही हसले म्हणे, हसावं लागतं.

"आज पाटं हात लावला हुता, बाई," मामा म्हणाले. "आज जास्तीच गरम लागला. म्या काय करू?"

काय करू, हे मला विचारत होता तो. मी सांगितलं, देवाचं नाव घ्या. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरीतला हा माझा सल्ला.

रविवारी संध्याकाळी फार्मच्या ऑफिसात टीव्ही लावला होता. जगताप, कमळामामी, दूध घालणारे दोघे, शेजारच्या वस्तीवरची माणसं. मामींनी पेढे आणले होते, आधीच. मी जाणार नव्हते, पण घरी बसवेना. दारापाशी उभी राहिले.

बारा घोडे होते. राघू सातव्या गेटमधून सुटला. निम्म्या अंतरापर्यंत पाचवा, मग चौथा. पळत होता छान, कान पुढं, मान लांब. शेवटच्या वळणावर जॉकीनं त्याला बाहेरच्या बाजूला काढलं आणि तो तिसरा आला. ऑफिसात सगळे उभे राहिले. मामी "चल रं राघ्या, चल रं माझ्या लेकरा" असं ओरडत होत्या. एक क्षण मलाही वाटलं की मी चुकले, पाय चांगला आहे, सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा मला कधी झाला नाही.

मग त्याची मान खाली गेली. एकदाच. जॉकी मागं झुकला आणि लगाम खेचायला लागला. कॅमेरा पुढच्या घोड्यांबरोबर निघून गेला. पडद्याच्या अगदी कडेला एवढंच दिसलं की राघू तीन पायांवर उभा आहे आणि चौथा पाय घोट्याच्या वरून नको त्या दिशेला वळलाय.

कुणीतरी जिंकलं. टाळ्या ऐकू आल्या. टीव्हीवरचा माणूस जिंकणाऱ्याचं नाव सांगत राहिला.

मामींनी मला विचारलं, "बाई, पाय बसवत्यात ना मानसावानी?"

लोक नेहमी हे विचारतात, म्हणून सांगते. घोड्याची नळी अशी तुटली की बहुतेक वेळा बसवता येत नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर महिनोन्महिने आडवं झोपू शकत नाही. झोपवलं तर फुप्फुसं आणि आतडी बिघडतात. उभं ठेवलं तर सगळा भार बाकीच्या पायांवर येतो आणि ते खुरातून सडायला लागतात. म्हणून ट्रॅकवरच हिरव्या कापडाचा आडोसा धरतात, लोकांना दिसू नये म्हणून, आणि इंजेक्शन देतात. अर्ध्या मिनिटाचं काम. मी स्वतः नोकरीत असताना नऊ वेळा दिलंय.

मामींना मी एवढंच म्हणाले, "नाही बसत, मामी."

त्या पेढ्यांचा डबा उचलून बाहेर गेल्या.

मंगळवारी गोविंदमामा एसटीनं परत आले. बुधवारी मी गेले तेव्हा मामा तबेल्याच्या दाराशी बसले होते. मांडीवर राघूचा हॉल्टर, म्हणजे तोंडावरचा पट्टा. तेल लावून पुसत होते. कुणाला घालायचा होता कोण जाणे.

मी शेजारी बसले. 

"आडोश्याच्या आत म्या हुतो," मामा म्हणाले. "डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. टोपी वढायला बघत हुता."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

"बाई, एक इचारू का? पान्यानं झालं का? म्या रोज एवढं पानी मारलं. हाड नरम पडलं आसंल का?"

तीन दिवस तो माणूस हे मनात घेऊन होता. मी सुटकेचा श्वास टाकू शकले असते. पाण्यानंच झालं असेल, असं नुसतं गप्प राहिले असते तरी त्यानं मानलं असतं. माझी आधीची गप्प राहण्याची सवय बघता, मला माझीच भीती वाटली.

"नाही मामा. पाण्यानं हाडाला काही होत नाही. पाण्यानं मला पाय गार लागला. आणि पाय धुवायला मीच सांगितलं होतं. चिखलाच्या दिवशी, आठवतं? चूक माझी आहे. बुधवारी कळल्यावर मी सगळं खरं लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तो पळाला नसता."

मामांनी हॉल्टर पुसायचं थांबवलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं.

"एकदा इचारायचं हुतं, बाई," ते म्हणाले. "दहा बुधवार म्या हितंच हुतो."

आणि परत तेल लावायला लागले.

त्या दुपारी मी पुसलेला मजकूर पुन्हा लिहिला, एकही शब्द न गाळता, आणि साहेबांना आणि रेसकोर्सच्या व्हेटना पाठवला. व्हेटचं उत्तर आलं नाही. साहेबांचं दोन शब्दांचं आलं: 'आता कशाला?' त्यांनी मला दोष दिला नाही, कुणीच दिला नाही. सगळे बॅड लक म्हणाले. फाइलमध्ये माझं कार्ड अजून आहे, दहा वेळा निल, अक्षर सुरेख.

पुढच्या महिन्यात फार्मवर पुण्याचा डॉक्टर यायला लागला. तेही बरोबरच झालं.

गोविंदमामा अजून तिथं आहेत. आता ते कुठल्याच घोड्याचा पाय धुवत नाहीत, धुवायला हवा तेव्हाही नाही. जगताप ओरडतात. मामा म्हणतात, बाईंना इचारून या.

माझ्या दवाखान्यात आता गायी-म्हशीच येतात. बाया अजूनही कास धुऊनच आणतात, आणि मी त्यांना बाहेर झाडाखाली तासभर बसवते, कास कोरडी होईपर्यंत. त्या कुरकुरतात. मग हात लावायच्या आधी विचारते, तुमच्या हाताला काय लागतं? पहिल्यांदा त्या लाजतात, मग सांगायला लागतात आणि थांबत नाहीत. ते मी केस पेपरवर सगळ्यात वर लिहिते. हीट, स्वेलिंग, पेन त्याच्या खाली. राघूच्या कार्डावर ही ओळ नव्हती.